हात जातो तिथं

"मला संडासला जायचंय."

टॅबमधली बाई तिसऱ्यांदा तेच बोलली, तेव्हा आईनं कणकेची परात बाजूला सारली आणि आप्पांना हाक मारली. आप्पांनी मला काखेतून धरलं, आईनं गुडघ्यांखाली हात घातले आणि दोघांनी उचलून परसदारी नेलं. बसवलं. वाट बघितली. काही झालं नाही, होणारही नव्हतं. मला जायचंच नव्हतं. परत आणून खुर्चीत बसवलं, पट्टा आवळला, टॅब पुन्हा पुढ्यातल्या फळीवर ठेवला. मी दमून डावा हात फळीवर टेकवला मात्र,

"मला संडासला जायचंय."

"आता गं बाई!" आई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "चेष्टा करतीस होय?"

आप्पांना हसू फुटलं आणि त्यांचं बघून मलाही. माझं हसू मोठं असतं. अंग ताठ होतं, मान मागं जाते, नवखा माणूस बघून घाबरतो. आईनं मात्र माझी मान सरळ केली, तोंड पुसलं आणि टॅब उचलून कपाटावर ठेवून दिला.

"राहू दे. हिला जमणारं नव्हे हे. अल्ताफ सरांना परत देऊन टाकू."

माझं हसू तिथंच थांबलं.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. आमचं घर इचलकरंजीत, मागच्या भिंतीला लागूनच मागाची शेड. आप्पा तिथं जॉबर, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे. जन्मापासून माझं शरीर माझं ऐकत नाही. पाय धरत नाहीत, उजवा हात छातीशी दुमडलेला, आणि तोंडातून आवाज निघतो पण शब्द होत नाही. ऐकू सगळं येतं, समजतं सगळं. टीव्हीवरच्या पाट्या बघून बघून वाचायलाही येत होतं, फक्त हे कुणाला माहीत नव्हतं.

आईला माझे आवाज कळायचे. म्हणजे पुष्कळसे कळायचे, आणि उरलेले ती ठरवायची. "भूक लागली? लागली असणार, सकाळी जेवली नाहीस." "पंखा लावू? नको, सर्दी होईल." प्रश्नही तिचा आणि उत्तरही तिचं. त्यात दुष्टपणा नव्हता. घरात, शेडवर, पाहुण्यांत शंभर जण बोलत असताना माझ्या वतीनं बोलणारं एकच माणूस होतं आणि ते म्हणजे आई.

अल्ताफ मुजावर सर मिरजेचे, मुक्या माणसांना बोलायला शिकवणारे. तो टॅब त्यांनीच आणला होता. पडद्यावर चित्रांच्या ओळी, चित्राला स्पर्श केला की आतली बाई ते बोलून दाखवते. टॅब ज्या संस्थेचा होता, ती कृष्णाकाठी होती. माझ्यासारखी मुलं-मुली तिथं राहायची, शिकायची, जमेल ते काम करायची. सरांनी तिथला एक छोटा व्हिडिओही दाखवला होता. आईनं तो अर्ध्यातच बघायचा सोडून दिला आणि चहा ठेवायला उठली.

"एक जागा रिकामी होणार आहे," सर आप्पांना म्हणाले होते. "संस्थेच्या शेडबाळे मॅडम पुढच्या महिन्यात या बाजूला येणार आहेत. पण त्यांचा एक नियम आहे. आईबाप सांगतात म्हणून त्या कुणाला घेत नाहीत. जिला यायचंय तिनं स्वतः सांगायचं. यायचं नसेल तर तेही तिनंच."

"ती कशी सांगणार?" आप्पांनी विचारलं होतं.

"म्हणून तर हा टॅब आणलाय."

त्या दिवसापासून घरात दोन पक्ष पडले. जेवणं झाल्यावर आई भांडी आवरता आवरता बोलायची आणि आप्पा उंबऱ्यावर बसून ऐकायचे.

"माझी पोरगी कुठं जाणार नाही. तिला मी लागते."

"ते खरं आहे. पण तुझी कंबर बघ की. काल उचलताना केवढ्यानं ओरडलीस."

"कंबरेचं मी बघीन."

"आणि आपल्यामागं?"

"तेव्हाचं तेव्हा." मग माझ्याकडं वळून, "होय की नाही गं? आईला सोडून राहशील? नाही राहणार."

मी आवाज काढायची. आई तो "नाही" असाच ऐकायची.

मला काय म्हणायचं होतं, ते मला पक्कं ठाऊक होतं. ते मी मॅडमच्या तोंडावर म्हणणार होते, कुणाच्याही मध्यस्थीशिवाय. पण म्हणायचं कशानं? टॅबवर 'होय' होतं डाव्या वरच्या कोपऱ्यात. दहादा झटकला तर एखाद्या वेळी माझा हात तिथं पोचायचा. 'नाही' होतं उजव्या वरच्या कोपऱ्यात. तिथं तो कधीच पोचला नसता. आणि 'संडास' होतं खाली डावीकडं, नेमकं माझं मनगट टेकतं तिथं. ज्यानं कुणी ही चित्रं मांडली होती, त्यानं ती स्वतःच्या हातासाठी मांडली होती. तो हात खांद्यापासून सुटा असणार, हवा तिकडं जाणारा.

माझा तसा नव्हता. माझं कोपर खुर्चीच्या हातावर टेकलेलंच राहतं आणि त्याच्यापुढचा हात फिरतो, मोटारीच्या काचेवरचा वायपर फिरतो तसा. मूठ उघडत नाही. टेकतं ते पहिल्या बोटाचं पेर.

हे मलाही तेव्हा असं शब्दांत माहीत नव्हतं. ते कळलं तेलामुळं.

आई रोज सकाळी माझ्या हातापायांना तेल चोळायची. एके दिवशी तेल झाल्यावर तिनं मला दाराजवळ उन्हात बसवलं. आप्पांच्या सांगण्यावरून टॅब पुन्हा फळीवर आला होता, पण बंद होता. मी चाळा म्हणून काळ्या काचेवरून हात फिरवत राहिले. ऊन तिरपं होतं. हात बाजूला पडल्यावर मी बघितलं तर काचेवर एक तेलकट पट्टा उमटला होता. वर डावीकडं सुरू होऊन वळत वळत खाली उजवीकडं उतरलेला, कलिंगडाच्या फोडीसारखा. मी पुन्हा हात फिरवला. पट्टा तसाच, त्याच जागी. तिसऱ्यांदा फिरवला. तोच.

पट्ट्याच्या वर काच कोरडी होती. खाली मनगटाचा एक डाग होता, बाकी कोरडी. म्हणजे एवढ्या मोठ्या पडद्यातली एवढीच जागा माझी होती. पण ती माझी होती, तिथं माझा हात चुकत नव्हता. आता माझं कामच हे झालं आहे, लोकांच्या पडद्यांवर बटणं कुठं ठेवायची ते ठरवणं, आणि हेही मी त्याच फोडीवरून लिहिते आहे. पण त्या सकाळी मला एवढंच कळलं की हे अल्ताफ सरांना दिसायला हवं.

मी आरडाओरडा केला. आई धावत आली.

"काय झालं? ऊन लागलं? थांब." तिनं खुर्ची सावलीत ओढली, टॅबकडं बघितलं. "ई, काय घाण केलीस गं! लोकांची वस्तू ती." आणि पदरानं काच लख्ख पुसून काढली.

अल्ताफ सर आले ते दुपारी. आईनं त्यांच्यासाठी चहा आणि ताटलीत भडंग ठेवलं, तेला-तिखटाचं, लसूण घातलेलं. सरांनी टॅब चालू केला आणि त्यांच्या गोड आवाजात म्हणाले, "रोहिणी, 'आई' कुठं आहे दाखव बघू?"

मी हात उचलला. मनगट घसरलं.

"मला संडासला जायचंय."

"रोज हेच," आई म्हणाली. "सर, राग मानू नका. तुम्ही चांगल्या मनानं आणलाय. पण तिला कळत नाही त्यातलं. एखाद्या शहाण्या पोराला द्या, त्याच्या उपयोगाला येईल."

सरांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा टॅबकडं. मग उसासा टाकून ते टॅबची वायर गुंडाळायला लागले.

भडंगाची ताटली स्टुलावर होती, माझ्या डाव्या हाताला. खुर्चीच्या कडेच्या थोडी पलीकडं. मी सगळं अंग तिकडं टाकलं. पट्टा पोटात रुतला, कोपर पहिल्यांदाच खुर्चीच्या हातावरून सुटलं आणि मूठ ताटलीत आपटली. भडंग घरभर उडालं. ताटली खणाणत जमिनीवर गेली.

"अगं! वेडी झालीस काय?"

मला ऐकायला सवड नव्हती. सर टॅब फळीवरून उचलणार एवढ्यात मी तेल-तिखटानं माखलेला हात त्यावर आणला. वरून खाली, एकदा. पुन्हा तसाच, दुसऱ्यांदा. टॅबमधली बाई गोंधळून "पाणी, झोप, भूक" असलं काहीबाही बोलत होती. आई फडकं घेऊन धावली आणि काच पुसायला वाकली. मी हात काचेवर दाबून धरला. तिनं तो उचलायचा प्रयत्न केला. मी सोडला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी आईच्या हाताशी झोंबत होते. तोंडातून आवाज येत होता तो माझा मलाही अनोळखी होता.

"सोड, रोही! सोड म्हणते ना!"

"काकी, थांबा," सर म्हणाले.

"अहो, बिघडेल ते."

"बिघडू दे. पुसू नका." सरांनी आईच्या हातातलं फडकं काढून घेतलं. मग टॅब बंद केला, पडदा काळा झाला, तेव्हा त्यांनी तो हलकेच माझ्या हाताखालून काढून दाराच्या उजेडात तिरपा धरला. बराच वेळ बघत राहिले. बोटानं हवेतच तो बाक गिरवला. मग माझ्यासमोर उकिडवे बसले.

"हा तुझा हात जातो तो रस्ता आहे, होय ना?"

'होय' म्हणायला माझ्याकडं काही नव्हतं. मी नुसती रडायला लागले. आईला वाटलं तिखट डोळ्यात गेलं.

सरांनी त्या दुपारी सगळी चित्रं पुसून टाकली. टॅब थोडा डावीकडं सरकवला, खाली घडी केलेली चादर घालून उभट केला. मनगट टेकतं तिथं काहीच ठेवलं नाही, रिकामी जागा. आणि त्या बाकावर मोठमोठी बटणं मांडली, दोन बटणांत भरपूर अंतर सोडून.

"सात मावतात," ते म्हणाले. "आता ठरवा कुठले शब्द ते."

"आई," आई लगेच म्हणाली. "ते आधी घाला, मधोमध. मग पाणी, भूक, संडास, झोप, दुखतंय. आणि होय."

"आणि नाही?"

"नाही कशाला? ती कधी नाही म्हणत नाही."

सरांनी मधोमध एक कोरं बटण केलं आणि चित्रांची यादी एकेक करून मला दाखवायला लागले. "आई?" मी हात हलवला नाही. "पाणी?" नाही हलवला. "होय?" हलवला नाही. "नाही?" मी हात आपटला. आतली बाई काही बोललीच नाही, कारण बटण अजून कोरं होतं, पण आवाज झाला तो पेराचा, काचेवर. घरातल्या सगळ्यांना ऐकू गेला.

तर मधोमध बसलं 'नाही'. त्याच्या खाली, हात सहज घसरतो तिथं, 'होय'. मग पाणी, संडास, दुखतंय. दोन जागा राहिल्या, एक 'नाही'च्या वर आणि एक पार टोकाला. सर चित्रं दाखवत होते: टीव्ही, पंखा, गाणं, खेळ. मी हललेही नाही. शेवटी एक चित्र आलं, उघडं दार आणि बाहेर पडणारा माणूस. खाली लिहिलं होतं 'जायचंय'. मी हात आपटला.

"दारात बसायला आवडतं तिला," आईनं सरांना समजावलं.

'आई' हे बटण सगळ्यात वर, लांबच्या टोकाला गेलं. आई ते बघत राहिली.

"मला इतक्या लांब टाकलं होय?"

"काकी, तुम्हाला बोलवायला तिला बटण लागतंय कुठं?" सर म्हणाले. "ती नुसतं हूं करते आणि तुम्ही हजर होता. जे बटणावाचून होत नाही, ते हाताशी पाहिजे."

त्यानंतरचे दिवस मी बटणं दाबण्यात घालवले. सोपं होतं असं समजू नका. रस्ता सापडला तरी चालणं आपल्यालाच असतं. 'होय' दाबायला जावं तर हात घसरून 'पाणी' लागायचं आणि आई तांब्या घेऊन यायची. कोपराचं कातडं सोललं. आईनं तिथं हळद लावली आणि म्हणाली, "पुरे आता, आज नको." मी म्हणाले, "नाही." आई दचकली. मग हसली, शेजारणीला हाक मारून सांगितलं, "ऐकलं काय, माझी पोरगी मला नाही म्हणाली!" तेव्हा तिला त्याचं कौतुक होतं.

शेडबाळे मॅडम आल्या त्या दिवशी आप्पा शेडवर गेले नाहीत. आईनं मला निळा ड्रेस घातला, वेणी घातली. मॅडम ठेंगण्या, जाड भिंगाच्या, बोलायला कोरड्या. पाणी प्यायल्या आणि खुर्ची ओढून माझ्या समोर बसल्या, आईकडं पाठ करून.

"तुझं नाव काय?"

"रोहिणी," आई मागून म्हणाली. "जेवण सगळं खाते, फक्त जरा…"

"ताई," मॅडम मान न वळवता म्हणाल्या, "मी तिच्याशी बोलते आहे." आणि मला, "मी तुला एकच गोष्ट विचारायला आले आहे. घाई नाही. आमच्याकडं राहायला यायचंय का तुला?"

जी गोष्ट मला अगदी मनापासून करायची असते, ती करताना माझं शरीर हमखास उलटतं. तसंच झालं. अंग ताठलं, हात वर उडाला आणि धाडकन आदळला.

"पाणी."

आई तांब्या घेऊन आलीच. तिनं भांडं ओठाला लावलं. मी ओठ मिटून घेतले. पाणी हनुवटीवरून निळ्या ड्रेसवर ओघळलं. मी डोळे मिटले, अंग सैल होईतो थांबले. मग हात फिरवला.

"नाही."

आईनं मोठा श्वास सोडला. "बघा. मी म्हटलं नव्हतं?"

"काय नाही?" मॅडमनी मलाच विचारलं. "पाणी नको, की यायचं नाही?"

मी पुन्हा हात उचलला. ते बटण 'नाही'च्या जरा वर होतं. कोपर जळत होतं.

"जायचंय."

"दारात," आई लगबगीनं म्हणाली. "दारात बसायचंय तिला. कंटाळली. चल, नेते."

"नाही."

"मग पडायचंय जरा? दमलीस?"

"नाही." आणि एका दमात वर, "जायचंय."

शेडमधले माग खटखटत होते. आई माझ्यासमोर आली, मॅडमच्या शेजारी उभी राहिली.

"कुठं जायचंय?"

त्याला माझ्याकडं बटण नव्हतं. मी मान वळवायला लागले. मानही माझं ऐकत नाही, ती आधी उलटीकडं गेली, मग वर, मग हळूहळू, थरथरत मॅडमच्या चेहऱ्यापाशी येऊन थांबली. तिथं ती धरून ठेवून, काचेकडं न बघता मी हात फिरवला. बघायची गरजच नव्हती आता.

"जायचंय."

"मी ऐकलं," उंबऱ्यावरून आप्पा म्हणाले.

आई स्वयंपाकघरात निघून गेली.

आईवर माझा राग नव्हता. आजही नाही. तिनं मला एक दिवस उपाशी ठेवलं नाही, ओल्यात ठेवलं नाही. पण सरांनी दाखवलेला तो व्हिडिओ आईनं अर्ध्यात सोडला होता, मी पुरता बघितला होता. त्याच्या शेवटी दोन मुली खुर्च्यांमध्ये बसून टीव्हीवरून भांडत होत्या. एक टॅबवर म्हणत होती "माझा नंबर", दुसरी दातांत धरलेल्या काडीनं पाटीवरचा शब्द दाखवत होती "खोटारडी". बाजूचे हसत होते, आणि पहिली रागानं लाल झाली होती. माझ्याशी आयुष्यात कुणी भांडलं नव्हतं. माझ्यावर माया सगळ्यांनी केली होती. कुणी मला खोटारडी म्हणावं इतकं मी काही बोललेच नव्हते.

आई स्वयंपाकघरात होती तोवर मॅडम उठल्या नाहीत. आप्पा उठायला लागले तर त्यांनी हातानंच थांबवलं.

आई आली तेव्हा तिचा चेहरा धुतलेला होता. ती मॅडमच्या खुर्चीपाशी गेली, आणि मॅडमनी न सांगताच उठून तिला ती खुर्ची दिली. आई माझ्यासमोर बसली. इतक्या वर्षांत ती माझ्यासमोर अशी कधी बसली नव्हती. नेहमी बाजूला, नाहीतर मागं.

"रडशील तिथं," ती म्हणाली. पुढं तिच्या तोंडावर उत्तर आलेलं मला दिसलं. ते तिनं गिळलं. मग पुन्हा, प्रश्न करून विचारलं, "रडशील?"

आणि थांबली.

माझा हात खाली होता. मी तो उचलेपर्यंत ती थांबली. हात एकदा चुकला, दोन बटणांच्या मधल्या जागेत पडला. तरी ती थांबली.

"होय," मी म्हणाले.

"तरी जायचंय?"

"होय."

आईनं माझ्या ड्रेसवरचं पाणी हातानं निपटलं. मग मागं वळून मॅडमना म्हणाली, "भात मऊ लागतो तिला. आणि तुम्ही घाईघाईनं भरवणार असाल तर आत्ताच सांगा."